सातशे डॉलर, हेडफोनसकट

क्लेम ट्रेलोर आला तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
यंत्र त्यानं ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलं होतं,
आजारी कोकरू आणावं तसं.
वेडरबर्नमध्ये सगळ्यांना सगळ्यांची यंत्रं ठाऊक असतात,
कुणाची गाडी कुठल्या आयर्नबार्कखाली दिवसभर उभी होती,
तेही.

"काय देशील?"
हवापाण्याचं काही नाही, एकदम हेच.

मी वही काढली.
बारा वर्षांपूर्वी याच काउंटरवरून ते पाच हजारांना गेलं होतं,
पावती माझ्या वडिलांच्या अक्षरात.
मग नवी मॉडेलं आली, हलकी, पडद्यावर नकाशा दाखवणारी,
आणि नवं आलं की दर वेळी जुन्याचे हजारेक डॉलर
कुणालाही न सापडता जमिनीत जातात.

दांड्याला चीर, वर काळी टेप: पन्नास वजा.
कॉइलचा तळ घासून पांढरा पडलेला: शंभर.
बॅटरी फुगलेली.
मूळ खोकं आहे? आहे.
त्यात इऑना नाताळची सजावट ठेवायची,
चमकीचा एक तुकडा अजून कोपऱ्याला चिकटून.
खोक्याचे वीस वाढवले.

सापडलं का काही याच्यानं?
हे मी विचारत नाही, गिऱ्हाईक विचारतं.
हो म्हणावं, तर याचं नशीब वापरून झालं.
नाही म्हणावं, तर यंत्रच खोटं.
क्लेम म्हणाला, "खिळे लिही."
खिळे, घोड्याचे नाल, सार्डिनच्या डब्यांची झाकणं,
कुणा चिनी खाणवाल्याचं चौकोनी भोकाचं नाणं,
शिशाचे छर्रे, छर्रे, छर्रे.
आणि एकदा, बोटाच्या पेराएवढं,
ज्यातून घराचे पत्रे बदलले.
"ते नको लिहूस. टॅक्सवाले वाचतात."

रबरी चटईवर मी एक छर्रा टाकला, कणीएवढा.
यंत्र गुणगुणायला लागलं,
तोच तो बारीक, सलग सूर,
रिकाम्या जमिनीचा.
छऱ्यावरून कॉइल नेली.
सूर किंचित चढला, वाकला, पुन्हा जागेवर बसला.
स्वच्छ. नव्यानं मान खाली घालावी इतका.

क्लेम यंत्राकडे बघतच नव्हता.
तो माझ्या भुवईकडे बघत होता.

मी पुन्हा फिरवली. या वेळी भुवई जागची हलू दिली नाही.
मला ते करायला नको होतं.
तो थांबला, जरा जास्तच थांबला,
मग म्हणाला, "मस्त वाजतंय."
तेव्हा कॉइल कोऱ्या चटईवर होती.

घसारा कुठल्या रकान्यात धरायचा
ते वडिलांनी मला शिकवलं नव्हतं.
माणसाच्या कानातून आधी वरचे सूर जातात:
झुडपातली चिमुकली निळी पाखरं,
मग छर्रे,
मग सोनं, जे छऱ्यांपेक्षा
फारसं वेगळं कधी वाजतच नाही.

"साडेपाचशे" माझ्या वहीत लिहिलेलं होतं.
"सातशे," मी मोठ्यानं म्हणाले.
फारच मोठ्यानं.
त्यानं मान वर केली, आणि मला वाटलं,
आता हा ब्लँकेट उचलून चालू लागणार.
पण त्यानं गळ्यातले हेडफोन काढले,
घामानं काळे पडलेले, त्याच्या कानांच्या आकाराचे,
आणि काउंटरवर ठेवले. "मग हेही घे."

दाराला गाईच्या गळ्यातली जुनी घंटा आहे, जाड आवाजाची.
ती त्याला ऐकू आली.
वळून, जणू मीच हाक मारली,
त्यानं हात वर केला.

चिठ्ठीवर लिहिलंय: जुनं. चालू. एकाच हातात वापरलेलं.
बेंडिगोची एक नर्स दोनदा येऊन बघून गेली,
तिसऱ्यांदा येईल तेव्हा विचारेल, सापडलं का काही.
किमतीची जागा कोरी ठेवली आहे.
संध्याकाळी दुकान रिकामं झालं की मी ते लावते,
छर्रा न टाकता.